खंदक आणि विधेयक

सरकारी नोकरीत बदलीचा हुकूम हाती पडला म्हणजे माणूस पहिल्याने राहत्या जागेची चौकशी करतो आणि दुसऱ्याने मुलांच्या शाळेची. जागेचा प्रश्न क्वार्टर मिळाले की सुटतो. शाळेचा प्रश्न मात्र दर बदलीला नव्याने उभा राहतो. आमची कोलकात्यास बदली झाली तेव्हा आमची कन्या दुसरीत होती. आज ती चौथीत आहे, वर्गातल्या मुलांइतक्याच सफाईने बंगाली बोलते आणि घरी आल्यावर आमचे बंगाली सुधारते. गेल्या हिवाळ्यात तिच्या वर्गाची सहल निघाली. सहल म्हटली की अलीपूरचे प्राणिसंग्रहालय, ही येथील लहान मुलांची ठाम समजूत. परंतु या वेळी अभ्यासक्रमातील शासन आणि इतिहास या भागासाठी जुन्या राजधानीतील सरकारी वास्तू दाखवाव्यात, असे वर्गाच्या दिदिमणींनी ठरवले. मुले चाळीसच्या आसपास आणि शिक्षिका दोनच. तेव्हा पालकांपैकी कोणी सोबत यावे, अशी चिठ्ठी घरी आली. आम्ही एक दिवसाची किरकोळ रजा टाकली आणि बसमध्ये शेवटच्या बाकावर जाऊन बसलो.

वंगभाषेत चुलत्यास 'काकू' म्हणतात. त्यामुळे दिवसभर चाळीस मुले आम्हांस काकू म्हणून हाका मारीत होती आणि कन्या तोंडावर हात ठेवून हसत होती. परप्रांतात राहणाऱ्या मराठी माणसाच्या वाट्याला असे विनोद येतातच. पण त्या दिवशी जे वाट्याला आले ते सारेच हसण्यासारखे नव्हते, म्हणून हा लेखप्रपंच.

बस उत्तरेकडून आचार्य प्रफुल्लचंद्र रोडने चालली होती. पूर्वीचा हा अप्पर सर्क्युलर रोड. दिदिमणी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मुलांनो, आपण ज्या रस्त्यावरून चाललो आहोत तेथे पूर्वी एक लांब खंदक होता. त्याचे नाव मराठा खंदक." एका मुलाने लगेच विचारले, "बर्गींसाठी?" बंगालमध्ये बर्गी हा शब्द पुस्तकातून शिकावा लागत नाही. बर्गी आले म्हणून बाळाला निजवणारे एक अंगाईगीत येथील घरोघरी आहे. अडीचशे वर्षांहून अधिक काळ ते आईच्या तोंडून लेकराच्या कानी जात आले आहे. मुलांच्या माना एकदम आमच्या कन्येकडे वळल्या. कोणी तरी म्हणाले, "ती बर्गी आहे!" त्यात द्वेष नव्हता, थट्टाच होती. कन्याही हसली. पण थोड्या वेळाने ती मागे आली, आमच्याशेजारी बसली आणि तिने हळूच विचारले, "बाबा, आपण खरंच वाईट होतो का?"

वाचकांपैकी जे बंगालमध्ये किंवा ओरिसात राहिले आहेत त्यांना हा प्रश्न केव्हा ना केव्हा कोणी तरी विचारलाच असेल. आपल्या शाळेत आपण जो इतिहास शिकलो त्यात अटकेपार लागलेले झेंडे होते. नागपूरकर भोसल्यांच्या बंगालवरील स्वाऱ्या दोन ओळींत उरकल्या होत्या. येथे तेच प्रकरण मोठे आहे. १७४२ साली रघूजी भोसल्यांचे सेनापती भास्करराम कोल्हटकर बंगालमध्ये उतरले. चौथाईचा हक्क हे कारण. नबाब अलीवर्दीखान हा प्रतिपक्ष. पण चौथाईचा तंटा नबाबाशी असला तरी त्याची किंमत गावांनी मोजली. बर्दवान, काटवा या बाजूची खेडी लुटली आणि जाळली गेली, विणकर व रेशीमवाले घरे सोडून भागीरथीच्या पूर्वेस पळाले. गंगाराम नावाच्या कवीने त्या काळातच 'महाराष्ट्र पुराण' या नावाने त्या दिवसांचे वर्णन लिहून ठेवले. ते मराठी माणसाने मान खाली घालूनच वाचावे असे आहे. पुढे १७४३ साली नानासाहेब पेशवे रघूजींना आवरण्यासाठी स्वतः बंगालमध्ये आले आणि नबाबाकडून स्वारीचा खर्च घेऊन गेले. १७४४ साली अलीवर्दीने भास्करपंतांना भेटीस बोलावून दग्याने मारले. स्वाऱ्या तरीही थांबल्या नाहीत. अखेर १७५१ साली तह झाला. बंगालची चौथाई म्हणून साल बारा लाख रुपये ठरले आणि ओरिसा भोसल्यांच्या अंमलाखाली आला.

खंदक या धामधुमीतला. कलकत्त्याच्या रहिवाशांनी नबाबाची परवानगी काढून शहराभोवती तो खणावयास घेतला. सुमारे तीन मैल खणून झाला आणि काम थांबले. कारण मराठे कलकत्त्यावर आलेच नाहीत. पुढे १७५६ साली सिराजउद्दौल्याने शहर घेतले तेव्हा मराठ्यांसाठी खणलेला हा खंदक त्याला अडवू शकला नाही. १७९९ च्या सुमारास तो बहुतांशी बुजवून त्यावर सर्क्युलर रोड बांधला गेला. बागबाजारात मराठा डिच लेन या नावाची एक गल्ली तेवढी त्याची आठवण सांगत उभी आहे.

कन्येला काय सांगावे? आपण स्वराज्यासाठी लढत होतो, असे उत्तर आमच्या जिभेवर आले होते. पण काटव्याच्या विणकराने कोणाचे स्वराज्य बुडवले होते? आणि सारे मराठे लुटारू होते, असे म्हणणे तरी कुठे खरे? आम्ही तिला एवढेच सांगितले, की त्या वेळी आपल्या लोकांनी येथल्या गरीब लोकांना फार त्रास दिला; ते वाईट होते, आणि कोणी विचारले तर तू ते सरळ कबूल कर. तिने विचारले, "बर्गी म्हणजे काय पण?" तो शब्द आमच्या बारगीराचा. स्वतःचा घोडा घेऊन चाकरीस येई तो शिलेदार. ज्याचा घोडा आणि हत्यार सरकारचे तो बारगीर. हे सांगता सांगता आमच्याच लक्षात आले की ज्याचे टेबल सरकारचे, लेखणी सरकारची आणि जो हुकूम होईल तेथे बिऱ्हाड हलवतो, असे आम्ही कारकून बारगीरांच्याच जातीचे. बारगीर स्वतः वाईटही नसेल. प्रश्न असतो तो त्याला कोणत्या कामावर पाठवले जाते याचा.

हेही सांगितले पाहिजे की बंगालने मराठ्यांची आठवण अंगाईपुरती ठेवली नाही. देवघरजवळच्या एका मराठी कुटुंबात जन्मलेले सखाराम गणेश देऊसकर वंगभाषेतले नामवंत लेखक झाले. त्यांनी या शहरात शिवाजी-उत्सव रुजवण्यास हातभार लावला आणि त्या निमित्ताने रवींद्रनाथांनी १९०४ साली 'शिवाजी-उत्सव' ही कविता लिहिली. देऊसकरांचे 'देशेर कथा' हे पुस्तक १९१० साली सरकारने जप्त केले. ज्या प्रांतात आई मुलाला बर्गीचे भय घाली त्याच प्रांताने शिवाजी महाराजांना आपले मानले, याचे श्रेय बंगाली मनाच्या मोठेपणाला दिले पाहिजे.

बस लालदिघीपाशी थांबली. समोर रायटर्स बिल्डिंगची तांबडी, लांबच लांब इमारत. दिदिमणींनी मुलांना विनय, बादल आणि दिनेश या तीन तरुणांची हकीकत सांगितली. ८ डिसेंबर १९३० रोजी ते या इमारतीत शिरले आणि त्यांनी तुरुंगखात्याचा मुख्य अधिकारी सिंप्सन यास गोळी घातली; आज या चौकास त्यांचेच नाव आहे. मुले स्तब्ध होऊन ऐकत होती. मग एकाने विचारले, "रायटर म्हणजे लेखक ना? येथे कोण लेखक राहत?" दिदिमणींनी आमच्याकडे पाहिले. आम्ही म्हणालो, "बाळ, येथले रायटर म्हणजे कारकून. कंपनीचे कारकून." टॉमस लायन याने १७७७ च्या सुमारास ही वास्तू उभी केली ती विलायतेहून येणाऱ्या कोवळ्या वयाच्या कारकुनांसाठी. १८०० साली स्थापन झालेल्या फोर्ट विल्यम कॉलेजचे वर्गही काही काळ येथे भरले. त्या कॉलेजात इतर देशी भाषांबरोबर मराठीही शिकवली जाई. तेथले अध्यापक विल्यम केरी यांनी १८०५ साली मराठीचे व्याकरण आणि १८१० साली मराठीचा कोश जवळच्या श्रीरामपुरात छापला. मराठी मुलखावर राज्य करू पाहणारे कारकून मराठी शिकले ते पुण्यात नव्हे, येथे. २०१३ साली राज्याचे सचिवालय येथून हावड्याच्या 'नवान्न' इमारतीत गेले. कारकून गेले, पण नाव कारकुनांचेच राहिले. आम्हांस थोडा अभिमान वाटला, हे कबूल करतो.

तेथून दोन-दोनच्या रांगा करून मुले दक्षिणेकडे निघाली आणि जुन्या गव्हर्नमेंट हाऊसच्या फाटकासमोर आली. आज हे राज्यपालांचे निवासस्थान आहे. आत जावयाचे नव्हते. बाहेरूनच पाहावयाचे होते. कमानीवरचे सिंह पाहून मुलांना प्राणिसंग्रहालयाचे दुःख जरा कमी झाले. ही वास्तू लॉर्ड वेलस्लीने १७९९ ते १८०३ या काळात बांधवली. इंग्लंडमधील केडलस्टन हॉल या वाड्याचा तो नमुना. ज्या वर्षी हा वाडा पुरा झाला त्याच वर्षी वेलस्लीच्या धोरणाने मराठ्यांशी युद्ध जुंपले. असईस त्याचाच भाऊ सेनापती होता. डिसेंबर १८०३ मध्ये देवगावच्या तहाने भोसल्यांनी कटक प्रांत सोडला. म्हणजे बंगालच्या स्वाऱ्यांतून १७५१ साली जे मिळाले होते ते बावन्न वर्षांत गेले. विणकरांच्या जळलेल्या घरांचा जमाखर्च शेवटी असा मिटला.

येथवर आमचे मन काहीसे जड झाले होते. तोच दिदिमणींनी आम्हांस सांगितले, "काकू, तुमच्या प्रांताचा या घराशी काही संबंध असेल तर मुलांना सांगा ना." देवगावच्या तहाचे नाव चौथीच्या मुलांपुढे काय घ्यावे? पण त्या फाटकापाशी आम्हांस दुसरे एक नाव आठवले. आम्ही म्हणालो, "मुलांनो, या घरात एक मराठी गृहस्थ तुमच्यासाठी भांडले होते. त्यांचे नाव गोपाळ कृष्ण गोखले."

गोखल्यांची गोष्ट आम्ही मुलांना सांगितली ती अशी. त्या काळी देशाची राजधानी कलकत्ता आणि हिवाळ्यात व्हाइसरॉयचे विधिमंडळ या वास्तूत भरे. सभासदांत सरकारी अधिकाऱ्यांचे बहुमत. गोखले १९०२ पासून त्या मंडळात होते. १६ मार्च १९११ रोजी त्यांनी प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. मागणे काय होते? ज्या ठिकाणी ठरावीक प्रमाणात मुले आधीच शाळेत जात असतील तेथील नगरपालिकेने वा लोकल बोर्डाने, तेही सरकारच्या मंजुरीने, सहा ते दहा वर्षांच्या मुलांना शाळेत पाठवणे सक्तीचे करावे. महिना दहा रुपयांहून कमी मिळकत असेल त्या बापाकडून फी घेऊ नये. खर्चाचे दोन भाग सरकारने सोसावेत, एक भाग स्थानिक संस्थेने. एका मुलीने विचारले, "आणि मुली?" मुलींना हा नियम पुढे लागू करता येईल, अशी तरतूद होती. त्या मुलीच्या चेहऱ्यावरून तिला हे पसंत पडलेले दिसले नाही.

इतके जपून केलेले मागणे, तरी त्याला विरोध झाला. शिक्षणखात्याचे सभासद सर हारकोर्ट बटलर म्हणाले, लोकांचीच मागणी नाही, पैसा नाही, घाई नको. बिनसरकारी सभासदांतही विरोधक निघाले. गोखल्यांनी इंग्लंडचा आणि जपानचा दाखला दिला, आणि सर्वांत जवळचा असा बडोद्याचा दिला. सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेलीत सुरू केलेली सक्ती १९०६ साली साऱ्या संस्थानात नेली होती. त्याही आधी १८८२ साली हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत शिक्षण सक्तीचे करण्याची मागणी केली होती. तेव्हा कल्पना नवी नव्हती. नवे होते ते साऱ्या देशासाठी विधिमंडळात कायद्याने मागणे. पंडित मदनमोहन मालवीय आणि बॅरिस्टर जीना यांनी पाठिंबा दिला. राजधानी दिल्लीस हलवण्याची घोषणा होऊन तीन महिने झाले होते. कलकत्त्याचे वैभव आवरते घेतले जात होते. १८ आणि १९ मार्च १९१२ असे दोन दिवस चर्चा झाली आणि विधेयक प्रवर समितीकडे पाठवण्याचा ठराव फेटाळला गेला. बाजूने १३, विरुद्ध ३८.

"म्हणजे ते हरले?" मुलांनी एकदम विचारले. आम्ही म्हणालो, "हरले." मुलांचा रस तेथे ओसरणार, असे दिसले. दिदिमणी मोठ्या हुशार. त्या म्हणाल्या, "बरे, आता आपण मत घेऊ. प्रत्येक मुलाने शाळेत गेलेच पाहिजे असा कायदा करावा की नाही? हात वर करा." वर्गाने तो कायदा प्रचंड बहुमताने पुन्हा एकदा फेटाळला. आमच्या कन्येचा हात कोणत्या बाजूने वर गेला होता हे आम्ही पाहिले नाही, असे आम्ही तिला सांगितले आहे.

हसू ओसरल्यावर ज्या मुलीने मुलींबद्दल विचारले होते तिने दुसरा प्रश्न केला. "काकू, हरणार हे त्यांना माहीत नव्हते का?" माहीत होते. सभासदांची संख्या त्यांना पाठ होती. आपले विधेयक पडणार हे त्यांनी भाषणातच सांगितले. आपल्या पिढीला देशाची सेवा अपयशांच्या द्वाराच करता येणार, अशा अर्थाचे ते बोलले, आणि तरीही त्यांनी एकेका आक्षेपाला आकडेवार उत्तर दिले. तीन वर्षांनी, १९ फेब्रुवारी १९१५ रोजी, वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी ते गेले. १९१७ साली कोल्हापुरात शाहू महाराजांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले. १९१८ साली मुंबई इलाख्यात विठ्ठलभाई पटेलांच्या खटपटीने नगरपालिकांपुरता कायदा झाला. स्वतंत्र भारताच्या संविधानाने चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांना दहा वर्षांच्या आत मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याचा मनोदय ४५ व्या अनुच्छेदात लिहिला. ती दहा वर्षे १९६० साली संपली. २००२ साली ८६ वी घटनादुरुस्ती होऊन शिक्षण हा मूलभूत हक्क ठरला, २००९ साली कायदा झाला आणि १ एप्रिल २०१० पासून तो अमलात आला. या फाटकाआड विधेयक पडले त्या दिवसापासून मोजले तर अठ्ठ्याण्णव वर्षे झाली. या काळात किती मुलांचे बालपण शाळेवाचून गेले, हा आकडा कोणत्याही ताळेबंदात सापडणार नाही.

आमच्या नोकरीमुळे एक गोष्ट आमच्या ध्यानात येते ती येथे सांगावीशी वाटते. सरकार म्हणजे सिंहाच्या कमानी नव्हेत आणि तांबड्या इमारतीही नव्हेत. त्या मुलांना दाखवाव्यात, पण तेथेच थांबू नये. सरकार म्हणजे पुष्कळसे दप्तर. आणि विधिमंडळाच्या दप्तराचा एक गुण असा की त्यात हरलेल्याचे बोलणेही जिंकलेल्याच्या बोलण्याइतकेच पुरते लिहून ठेवलेले असते. अडतीसांनी तेरांना हरवले, पण तेरांचे म्हणणे पुसून टाकले नाही; म्हणून पुढच्या पिढीला ते जेथे थांबले तेथून उचलता आले. बंगालच्या गावांचे दप्तर तसे कोणी ठेवले नव्हते. त्यांची तक्रार एका कवीने लिहिली आणि बाकीची आयांनी अंगाईत ठेवली. म्हणून ती अंगाई ऐकून आपल्याला राग येण्याचे कारण नाही. तोही एक पुरावाच आहे, आणि तो आपल्याविरुद्ध आहे इतकेच.

परतताना बस पुन्हा सर्क्युलर रोडला लागली. दिदिमणींनी उजळणी घेतली. खंदक कोणासाठी खणला? "बर्गींसाठी!" विधेयक कोणी मांडले? "गोखले!" दोन्ही नावे मराठीच, हे कोणा मुलाच्या लक्षात आले की नाही कोण जाणे. आमची कन्या मात्र पुन्हा मागे आली आणि म्हणाली, "बाबा, त्यांचे बाबा कोण होते?" आम्ही सांगितले, गोखल्यांचे वडील कागलला आधी कारकून होते, मग फौजदार. गोपाळराव तेरा वर्षांचे असताना ते वारले. थोरल्या भावाने शिक्षण सोडून पंधरा रुपयांची नोकरी धरली आणि त्यातले आठ रुपये दरमहा धाकट्याच्या शिक्षणासाठी पाठवले. "म्हणजे कारकूनच ना, तुमच्यासारखे?" "हो, कारकूनच."

त्या आठ रुपयांचा विचार आम्ही घरी येईपर्यंत करीत होतो. केंद्र सरकार आज आपल्या कर्मचाऱ्यांना दोन अपत्यांपुरता बालशिक्षण भत्ता देते. दरवर्षी शाळेचा दाखला जोडून आम्हीही तो अर्ज भरतो, आणि मंजुरीस विलंब झाला तर कुरकुरतो. या वर्षीचा अर्ज भरावयाचा राहिला होता. दुसऱ्या दिवशी कचेरीत गेल्यावर पहिल्याने तो भरला. कन्येची इयत्ता लिहावयाच्या जागी 'चौथी' लिहिले आणि खाली सही केली. दहा वर्षांचे वय म्हणजे चौथी-पाचवी. गोखल्यांनी मागितले होते ते तेवढेच.